शारीरिक शिक्षणाच्या ॲपमध्ये काय असावे, आणि तासाच्या वेळी फोन कुठे असावा?

क्रीडाशिक्षक, डिचोली (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. डिचोली तालुक्यातील एका महाविद्यालयात मी गेली चौदा वर्षे शारीरिक शिक्षण शिकवतो आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला मूल्यवर्धित अभ्यासक्रम आले आणि त्यांत आरोग्य, योग, क्रीडा व तंदुरुस्ती या विषयांना जागा मिळाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्याआधी माझ्याकडे नियमाने येणारे विद्यार्थी म्हणजे महाविद्यालयाच्या संघांत खेळणारी तीस-चाळीस मुले. बाकीच्यांची आणि माझी गाठ पडे ती वार्षिक क्रीडादिनी. आता कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांचे मिळून साठ जण एका तुकडीत समोर उभे असतात, आणि त्यांतील बऱ्याच जणांनी दहावीनंतर मैदानावर पाऊल ठेवलेले नसते. ज्यांना आमच्या विषयाची खरी गरज आहे ती हीच मुले.

अडचण वेळेची आहे. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रभरात ३० तास, म्हणजेच १५ आठवडे दर आठवड्याला दोन तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे मार्गदर्शन दिले, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. माझे दोन्ही तास पुरेपूर वापरले तरी १२० मिनिटेच होतात, आणि ते पुरेपूर वापरले जात नाहीत, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. हजेरी, सूचना, गट पाडणे, साहित्य काढणे आणि परत ठेवणे यांत बराच वेळ जातो. लांब उडीच्या एकाच खड्ड्यापुढे साठ जण रांगेत उभे राहिले, तर तासाभरात एकेकाच्या वाट्याला दोन उड्या येतात. त्यातच पहिले सत्र जवळजवळ सगळे पावसाळ्यात आणि चतुर्थीच्या सुट्टीत जाते. सकाळी फक्की मारून आखलेल्या रेषा पहिल्याच सरीत वाहून जातात आणि मग साठ जणांना घेऊन सभागृहात शिरावे लागते.

संगणकशास्त्र विभागातील तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी आमच्या विषयासाठी ॲप तयार करायला प्रकल्प म्हणून राजी आहेत. ते माझ्याकडे ‘काय काय हवे’ याची यादी मागत आहेत आणि मी दोन आठवडे ती लिहू शकलेलो नाही, कारण यापूर्वीचा अनुभव चांगला नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी भरून एक तयार ॲप घेतले होते. ते पावले मोजत असे आणि सर्वांत जास्त चालणाऱ्यांची नावे क्रमाने दाखवत असे. पहिला आठवडा उत्साहात गेला. तिसऱ्या आठवड्यापासून वरच्या दहा-बारा जणांखेरीज कोणी ते उघडेना. ज्यांचे नाव तळाशी दिसत होते त्यांनी ते फोनमधून काढूनच टाकले, आणि मला ज्यांच्यापर्यंत पोचायचे होते ते नेमके हेच विद्यार्थी होते.

एक प्रसंग अजून मनात आहे. सत्तरी तालुक्यातून येणारी एक विद्यार्थिनी चतुर्थीच्या सुट्टीनंतर फोन घेऊन माझ्याकडे आली. ॲपमध्ये त्या दिवशी कोणता व्यायाम केला ते यादीतून निवडायचे होते. यादीत बर्फावरील घसरगुंडीचे चार प्रकार होते, पण फुगडी नव्हती. “सर, पाच रात्री फुगडी घातली, घामाने चिंब झालो, ती कुठे भरू?” असे तिने विचारले. मी म्हटले, “इतर या रकान्यात भर,” आणि त्या रकान्याला गुण शून्य होते. शिगम्याच्या सणात घोडेमोडणी या लोकनृत्यात नाचणारा, सुट्टीत केरीच्या किनाऱ्यावर रांपणीची, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढणारा, बापाबरोबर भाताच्या लावणीला उभा राहणारा, अशा सर्वांनाच त्या ॲपने बसून राहणारे ठरवले होते.

म्हणून जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. तासाच्या वेळी विद्यार्थ्यांच्या हातात फोन असावा का? कॅमेऱ्यासमोर आसन करून ते बरोबर आहे की नाही हे सांगणारे तंत्र आता उपलब्ध आहे म्हणतात, त्यावर किती विसंबावे? मुलींचे चित्रीकरण करण्याचा प्रश्न कसा हाताळावा? आणि शेवटी, ॲपमधील नोंदींना गुण द्यावेत का?

ॲप विकसक, पर्वरी

सर, नमस्कार. मी अँड्रॉइड ॲप लिहिण्याचे काम करतो आणि पूर्वी तालुका पातळीवर फुटबॉल खेळलो आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण बाकीची रचना त्यावर उभी राहते. तासाच्या वेळी साठ फोन मैदानावर असू नयेत. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, उन्हात काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर दिसत नाही, खिशात फोन ठेवून कोणी कोलांटी मारू शकत नाही, आणि हातात फोन आला की तो दुसऱ्या कशासाठी तरी उघडला जातोच. विद्यार्थ्यांचे फोन दप्तरात राहू द्यावेत आणि ॲपची रचना तासाच्या आधीच्या संध्याकाळसाठी व तासानंतरच्या अर्ध्या तासासाठी करावी. आदल्या दिवशी दोन मिनिटांची चित्रफीत पाहून विद्यार्थी आला, कोणत्या गटात आहे आणि पहिले कोणत्या ठिकाणी उभे राहायचे हे त्याला फोनवर आधीच कळले, तर आपली सूचनांची आणि गट पाडण्याची दहा-पंधरा मिनिटे वाचतील. मला तर वाटते की या ॲपचे खरे यश वाचलेल्या या मिनिटांतच मोजावे.

मैदानावर एकच उपकरण असावे, महाविद्यालयाचा टॅब, तिपाईवर लावलेला. त्यात ‘उशिरा दाखवणारा आरसा’ ही एकच सोय असावी. मी ती एका शाळेसाठी तयार केली होती, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. टॅबचा कॅमेरा लांब उडीच्या फळीकडे बाजूने रोखलेला असतो आणि पडद्यावर आत्ताचे दृश्य न दिसता वीस सेकंदांपूर्वीचे दिसते. मुलगी धावत येते, उडी मारते, वाळूतून उठून कपडे झटकते आणि चालत टॅबपाशी येते. तोवर पडद्यावर तिची स्वतःची धाव सुरू झालेली असते. ती आपला शेवटचा पाय फळीवर कुठे पडला ते पाहते आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. कोणी बटण दाबत नाही, कोणी थांबत नाही, रांग पुढे सरकत राहते. रांगेत उभे असलेलेही पाहतात आणि त्यामुळे वाट पाहण्याचा वेळ पूर्ण वाया जात नाही.

येथे चित्रांचा वेग महत्त्वाचा आहे. लांब उडीत उसळी घेणाऱ्या पायाचा जमिनीला स्पर्श साधारण ०.१२ सेकंद टिकतो. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात त्याची तीन किंवा चार चित्रे मिळतात. १२० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात चौदा मिळतात आणि गुडघा किती वाकला हे नीट दिसते. टॅब विकत घेताना केवळ पडद्याचा आकार न पाहता ही क्षमता पाहावी.

मुलींच्या चित्रीकरणाच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. या पद्धतीत शेवटची तीस सेकंदे फक्त तात्पुरत्या स्मृतीत असतात आणि लगेच पुसली जातात. कोणतीही फाइल तयारच होत नाही. जे साठवलेच नाही ते बाहेर जाण्याचा प्रश्न येत नाही. मात्र हे मुलींना तोंडी सांगून पुरत नाही. पहिल्या तासाला टॅबमधील रिकामी गॅलरी त्यांच्यापुढे उघडून दाखवावी, आणि तरीही ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी कॅमेरा नसलेला दुसरा खड्डा किंवा दुसरा सराव ठेवावा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत शैक्षणिक कामापुरती सवलत आहे, पण ती कामापुरतीच आहे. आपल्या पहिल्या वर्षात सतरा वर्षांचे विद्यार्थी असणारच. तेव्हा वजन, आजार, मासिक पाळी, दिवसभराचे ठिकाण अशी माहिती महाविद्यालयाच्या सर्व्हरवर येऊच देऊ नये, ती विद्यार्थ्याच्या फोनमध्येच राहावी, असे मी सुचवतो.

आसन तपासणाऱ्या तंत्राविषयी. गुगलचे मीडियापाइप हे साधन शरीरावरचे ३३ बिंदू ओळखते आणि साध्या फोनवर, इंटरनेटशिवायही चालते. नाक, डोळे, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे, घोटे, टाचा असे ते बिंदू आहेत. पण खांदा आणि कंबर यांच्या मध्ये एकही बिंदू नाही, म्हणजे पाठीचा कणा त्याला दिसतच नाही. पश्चिमोत्तानासनात एकाने कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवली आणि दुसऱ्याने पाठीला कुबड काढून हात पुढे ताणले, तर खांदे साधारण त्याच जागी असल्यास ॲपला दोघांत फरक कळणार नाही. शिक्षकाला तो दहा पावलांवरून कळतो. सैल कुर्ता, मागून येणारा उजेड आणि तिरपा कॅमेरा यांनीही बिंदू सरकतात. बैठका मोजणे, गुडघा काटकोनापर्यंत गेला की नाही हे सांगणे, एवढ्यापुरते हे तंत्र चांगले आहे. त्याच्या तोंडी ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे शब्द देऊ नयेत.

पावले मोजणे मी तर काढूनच टाकले असते. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलमापकाच्या नावातून रूढ झाला. तो आरोग्याच्या अभ्यासातून निघालेला नव्हता. शिवाय फोनमधील पाऊल मोजणारा संवेदक फोन सुरू झाल्यापासूनची पावले सांगतो, फोन बंद करून चालू केला की तो पुन्हा शून्यावर येतो, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन मागे चालू असलेले ॲप परस्पर बंद करतात. दोन विद्यार्थी बरोबर चालले तरी आकडे वेगळे येतात. जीपीएसचेही तसेच आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक सुमारे पाच मीटर असते, माडांखाली आणि इमारतीशेजारी ती वाढते. २०० मीटरच्या धावपट्टीवर वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. धावपट्टीची लांबी आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा फेऱ्या मोजाव्यात.

शेवटचे म्हणजे, ॲप इंटरनेट नसतानाही पूर्ण चालले पाहिजे. नोंद आधी फोनमध्ये व्हावी आणि रेंज मिळेल तेव्हा वर जावी. ही गोष्ट प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी ठरवावी लागते. नंतर जोडायला गेल्यास सगळे नव्याने लिहावे लागते.

फिजिओथेरपिस्ट, मडगाव

नमस्कार सर. आपल्या विद्यार्थिनीने विचारलेल्या ‘फुगडी कुठे भरू’ या प्रश्नाला व्यायामशास्त्रात एक चांगले उत्तर आहे, आणि त्याला यादीची गरजच पडत नाही. खेळाडूंच्या सरावाचा भार मोजण्यासाठी कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली पद्धत अशी की, सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने एकच प्रश्न विचारायचा: एकंदर किती श्रम झाले, शून्य ते दहा या मापात सांगा. तो आकडा आणि मिनिटे यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. चाळीस मिनिटे फुगडी घातली आणि श्रम सहा वाटले, तर भार २४०. वीस मिनिटे धावला आणि सात वाटले, तर १४०. फुगडी, रांपण, भातलावणी, फुटबॉल, चाकांच्या खुर्चीवरून केलेला व्यायाम, सगळे एकाच मापात येते. क्रियेचे नाव विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत लिहू द्यावे. अपंग विद्यार्थ्यांसाठी तर हे फार मोलाचे आहे, कारण पावले आणि किलोमीटर यांवर उभारलेले ॲप त्यांना पहिल्याच पडद्यावर दाराबाहेर ठेवते.

अर्धा तास थांबण्याला कारण आहे. व्यायाम संपता संपता विचारले, तर शेवटच्या दोन मिनिटांत जे जाणवले तेच माणूस सांगतो. म्हणून ॲपने तास संपल्यानंतर तीस मिनिटांनी एक सूचना द्यावी आणि तिच्यावरच बोट ठेवून उत्तर देता यावे. ॲप उघडण्याचीही वेळ येऊ नये.

श्रमाचे माप मुलांना शिकवावे लागते, ते आपोआप येत नाही. त्यासाठी बोलण्याची कसोटी सर्वांत सोपी आहे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो तीव्र श्रम. नाडीचे आकडे पहिल्या वर्षात आणू नयेत असे मला वाटते. नाडीचे कमाल ठोके काढण्यासाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्वत्र वापरले जाते, पण प्रत्यक्ष व्यक्तीत त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला ते २०१ सांगते, तर २००१ साली तानाका आणि सहकाऱ्यांनी दिलेले ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र १९५ सांगते. अशा आकड्याच्या ऐंशी टक्के काढून मुलाला धावायला लावण्यात अर्थ नाही. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून मोजलेली नाडी शांत बसल्यावर ठीक येते, हालचालीत बिघडते.

एक गोष्ट मात्र ॲपमध्ये पहिल्याच पडद्यावर हवी. व्यायाम सुरू करण्यापूर्वी विचारायची ‘पार-क्यू’ ही सात प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. हृदयाचा त्रास सांगितला आहे का, व्यायाम करताना छातीत दुखते का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडासांध्याचा त्रास आहे का, अशा प्रकारचे ते प्रश्न असतात. एकाही प्रश्नाला ‘होय’ आले तर विद्यार्थ्याने आधी डॉक्टरांना भेटावे. शिक्षकाला फक्त ‘भेट झाली’ किंवा ‘भेट बाकी’ एवढेच दिसावे, कोणत्या प्रश्नाला होय म्हटले ते दिसू नये. माझ्याकडे येणारी मुले सांगतात की पन्नास जणांसमोर विचारल्यावर त्यांनी हात वर केला नव्हता.

आठवड्याचा भार एकदम दुप्पट झाला तर ॲपने सावध करावे, ही माझी शेवटची विनंती आहे. क्रीडादिनाच्या आधीच्या पंधरवड्यात नडगीच्या आतल्या बाजूने दुखते म्हणून दरवर्षी विद्यार्थी येतात. चार महिने काही न करता दहा दिवस रोज धावलेले असतात.

क्रीडाशिक्षक, डिचोली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उशिरा दाखवणाऱ्या आरशाची कल्पना मला फारच आवडली आणि श्रम गुणिले मिनिटे हे माप तर मी उद्यापासून वहीतही वापरू शकतो. पण याच मापामुळे गुणांचा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. विद्यार्थी स्वतःच श्रमाचा आकडा सांगणार असेल आणि मी त्यावर गुण देणार असेन, तर सगळेच नऊ-दहा लिहितील. गुण दिले नाहीत तर कोणी नोंद करणार नाही, अशी भीती आहे. यातून वाट कशी काढावी?

निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक, फोंडा

आपल्या भीतीचा पहिला भाग खरा आहे, दुसरा पूर्ण खरा नाही. आकड्याला गुण द्यायचे नाहीत, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. गुण द्यायचे ते त्या आकड्यांचे विद्यार्थ्याने काय केले याला. मी निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे साध्या वहीवर हे करून पाहिले. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या नोंदींवरून एक पान लिहायचे: कोणत्या आठवड्यात भार पडला, का पडला, पुढच्या सत्रात काय बदलणार. परीक्षेच्या तीन आठवड्यांत शून्य नोंदी असलेल्या एका मुलाने ते शून्य न लपवता त्याविषयी लिहिले होते, आणि ते पान त्या वर्षीचे सर्वांत चांगले होते. खोटे आकडे भरणाऱ्याला असे पान लिहिता येत नाही. ॲपने एवढेच करावे की पंधरा आठवड्यांच्या नोंदी एका साध्या आलेखात त्याच्यासमोर ठेवाव्यात. इतरांशी तुलना त्यात नसावी; आपल्या जुन्या ॲपमधून तळाची मुले का निघून गेली हे आपणच लिहिले आहे.

कौशल्याचे गुण मैदानावर, आपल्या डोळ्यांनी द्यावेत.

पर्वरीच्या विकसकांनी सुचवलेला आरसा उत्तम आहे, पण त्याच्या वापराविषयी एक सावधगिरी सांगतो. हालचाल शिकण्याच्या शास्त्रात १९८४ साली सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी मांडलेला मुद्दा आजही शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून माहिती मिळत राहिली, तर सरावात कामगिरी सुधारलेली दिसते, पण ती माहिती काढून घेतल्यावर टिकत नाही; विद्यार्थी स्वतःच्या शरीराकडून येणाऱ्या जाणिवेकडे लक्ष देणे सोडून देतो. म्हणून टॅब प्रत्येक उडीला चालू ठेवू नये. तीन उड्या टॅबशिवाय, मग एक टॅबसमोर. आणि पडद्याकडे पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याला विचारावे, “पाय कुठे पडला असे तुला वाटते?” त्याने उत्तर द्यावे आणि मग पाहावे. वाटलेले आणि दिसलेले यांतील अंतर कमी होत जाते तेव्हा शिकणे खरोखर घडत असते. हा प्रश्न टॅबच्या पडद्यावरच मोठ्या अक्षरांत आधी येईल अशी सोय आपले विद्यार्थी सहज करू शकतील.

सांघिक खेळांसाठी ॲपचा वेगळा उपयोग मला दिसतो. १९८२ साली इंग्लंडमध्ये बंकर आणि थॉर्प यांनी खेळ समजून शिकवण्याची पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे असे की आधी सुटे कौशल्य घोटवायचे आणि मग खेळ, हा क्रम उलटा करावा. लहान मैदानावर, कमी खेळाडूंसह, सोप्या नियमांनी खेळच आधी खेळू द्यावा आणि ‘येथे काय करायला हवे होते’ हा प्रश्न पडल्यावर कौशल्य शिकवावे. पावसाने मैदान बंद असते त्या दिवशी हे काम ॲपवर होते. कबड्डीच्या चढाईची आठ सेकंदांची चित्रफीत मध्येच थांबते: उजव्या कोपऱ्यातला बचावपटू पुढे आला आहे, हात धरून उभ्या बचावपटूंची साखळी उघडी आहे, चढाई करणाऱ्याने आता काय करावे? विद्यार्थी उत्तर निवडतो आणि कारण एका ओळीत लिहितो. या चित्रफिती बाहेरून आणू नयेत. आपल्याच महाविद्यालयाच्या संघाच्या, त्यांच्या संमतीने घेतलेल्या असाव्यात. ओळखीचा चेहरा असला की मुले कितीतरी अधिक बारकाईने पाहतात.

सभागृहात घेण्याजोगी एक चाचणीही सांगतो. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये ध्वनीच्या तालावर ये-जा करण्याची ही चाचणी लेजर आणि लॅम्बर्ट यांनी १९८२ साली दिली. वेग ताशी साडेआठ किलोमीटरपासून सुरू होतो, म्हणजे २० मीटरला सुमारे साडेआठ सेकंद, आणि वेगाच्या प्रत्येक टप्प्याला तो अर्ध्या किलोमीटरने वाढतो. आमच्या वेळी हे ध्वनी कॅसेटवर असत आणि फीत सैल पडली की ताल बदले. चाचणीपूर्वी मी घड्याळ लावून एक मिनिट तपासून घेत असे. फोनमुळे ही गोष्ट निश्चित सुधारली आहे. एकच फोन, एकच मोठा स्पीकर आणि टेपने मोजलेले २० मीटर, एवढे पुरते. अंतर पावलांनी मोजू नये. बॅडमिंटनचे एक मैदान १३.४ मीटर लांब असते, त्यामुळे ‘एका मैदानाची लांबी’ धरून ही चाचणी घेतल्यास निकाल निरुपयोगी ठरतो, आणि तसे घेतलेले मी पाहिले आहे. निकालही पुन्हा स्वतःच्याच, सत्राच्या सुरुवातीच्या निकालाशी ताडावा.

विद्यार्थिनी, पेडणे तालुका

सर, मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि हा अभ्यासक्रम गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात पूर्ण केला. विद्यार्थ्यांच्या बाजूने काही गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

भाषेचा विचार कृपया आधी करावा. आमच्या वर्गात घरी कोकणी बोलणारे, प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेले आणि बारावीपर्यंत इंग्रजीत आलेले असे सगळे असतो. काही जण कोकणी रोमी (रोमन) लिपीतच वाचतात. लिहिलेली सूचना तीन-चार प्रकारे द्यावी लागेल, पण बोललेली सूचना सगळ्यांना कळते. आमच्या मॅडमनी व्यायामाच्या सूचना स्वतःच्या आवाजात कोकणीतून ध्वनिमुद्रित करून पाठवल्या होत्या. “दुकता जाल्यार राव” (दुखत असेल तर थांब) हे त्यांच्या आवाजात ऐकल्यावर मी खरोखर थांबत असे. इंग्रजी ॲपमधील तीच सूचना मी वाचतही नव्हते.

दुसरे म्हणजे जागा. माझ्या फोनमध्ये बहुतेक वेळा एक जीबीसुद्धा मोकळी नसते. अर्ध्या मिनिटाची स्वाध्यायाची चित्रफीत साध्या कॅमेऱ्यातून साठ एमबीच्या आसपास जाते आणि गावात ती वर चढवता चढवता रात्र होते. ॲपने ती आकाराने लहान करून पाठवावी.

तिसरी गोष्ट पाळीच्या दिवसांची. त्या दिवशी सरांना किंवा मॅडमना कारण सांगणे नको वाटते म्हणून अनेक मुली तासच बुडवतात. ॲपमध्ये ‘आज हलका सराव’ असे एक बटण असावे, कारण न विचारणारे, आणि ते मुलग्यांनाही असावे, म्हणजे ते दाबणे हे कशाचेच लक्षण ठरणार नाही. मला त्या दिवशी घरी बसायचे नव्हते, मला फक्त उड्या मारायच्या नव्हत्या.

क्रीडाशिक्षक, डिचोली

सर्वांचा ऋणी आहे. काल संध्याकाळी संगणकशास्त्राच्या चौघांना बसवून आम्ही यादी लिहिली आणि ती एका पानात मावली. पावले, नाडी, नकाशा आणि नावांचा क्रम या चारही गोष्टी वगळल्या. पहिल्या सत्रापुरत्या पाच गोष्टी ठेवल्या: आदल्या संध्याकाळची चित्रफीत व गट, आरोग्याची प्रश्नावली, तासानंतर अर्ध्या तासाने येणारा श्रमाचा प्रश्न, ‘आज हलका सराव’ हे बटण, आणि टॅबवरचा आरसा, ज्यात दृश्यापूर्वी “पाय कुठे पडला असे तुला वाटते?” हा प्रश्न येईल. कबड्डीच्या चित्रफिती दुसऱ्या सत्रासाठी राखल्या आहेत, कारण संघाच्या मुलांची लेखी संमती आधी घ्यायची आहे. आवाज माझा आणि आमच्या एका सहशिक्षिकेचा असेल, कोकणी आणि मराठी दोन्हींत.

चौघांपैकी एकाने क्रियेच्या नावाच्या रकान्यात नमुना म्हणून काय दाखवायचे असे विचारले, म्हणजे विद्यार्थ्याने काही लिहिण्यापूर्वी तेथे फिकट अक्षरांत जे दिसते ते. आम्ही तेथे ‘फुगडी, ४० मिनिटे’ असे लिहिले आहे. ती विद्यार्थिनी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पहिली चाचणी घ्यायला तिलाच बोलावले आहे.